बाहीखालची अक्षरं

मास्तर, आज सकाळी मी रक्त तपासायला गेले आणि तिथं माझं डोकं फिरलं. झालं असं, की तिथल्या पोरीनं सुई टोचायला माझा हात उताणा केला आणि माझं गोंदण पाहून ती ओरडलीच. "आजी, टॅटू! अन् हे तं अल्फा, बीटा, गामा! अवं माय, कित्ती भारी!" तिनं टेबलामागच्या पोराला हाक मारली. त्यानं मोबाइल काढून माझ्या हाताचा फोटो घेतला, मला विचारलंसुद्धा नाही. सुई राहिली बाजूला, मी उपाशीपोटी हात पसरून बसलेली, आणि ही दोघं माझ्या हातावर वाकून अक्षरं लावत बसली. "कोणी काढून दिलं वं आजी?" पोरीनं विचारलं. मी उत्तर दिलं. काय दिलं ते शेवटी सांगते, आधी माझं भांडण ऐका. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला की तुमच्या नावानं पान वाढणारंही कोणी उरलं नसेल, पण माझं भांडण अजून तरणंताठं आहे.

भारी म्हणे! ज्या अक्षरांपायी मला चांद्याच्या मॅट्रिकच्या परीक्षेतून मनगट धरून उठवलं, ती आता भारी झाली. आणि चोहीकडे झाली. माझ्या रक्ताच्या कागदावर गामा आहे, गोळ्यांच्या पाकिटावर म्यू आहे. भाचीचा नातू दिवसभर मोबाइलवर बोट फिरवत 'सिग्मा, सिग्मा' करत असतो. म्हटलं, बाळा, सिग्मा म्हणजे काय ठाऊक आहे का? तर म्हणतो, "जो कोणाचंच ऐकत नाई तो." अरे, सिग्मा म्हणजे बेरीज! सगळ्यांना एकत्र घेणारं अक्षर ते, आणि ह्यांनी त्याला एकलकोंडा करून टाकलं. टीव्हीवर छाती काढून चालणारा कोणी दांडगट दिसला की तो 'अल्फा'. पोरं मानेवर, पाठीवर, पोटरीवर पैसे मोजून ही अक्षरं काढून घेतात आणि त्याच अंगानं परीक्षेला बसतात. कोणी हटकत नाही, कोणी पेपर ओढून घेत नाही. मग माझाच काऊन घेतला, मास्तर? हे मी तुम्हालाच विचारणार, कारण त्या खोलीत ह्याचं उत्तर माहीत असलेला माणूस एकच होता आणि तो तुम्ही होता. रागावले की माझी बोली अशी माहेरच्या तलावाकडं धाव घेते, तिला आज मी अडवणार नाही.

तुम्ही आमच्या सावली गावाला आलात तेव्हा आमच्या वर्गात मुली बोटावर मोजण्याइतक्या, आणि ढिवराच्या घरची मी एकटी. बाबा तलावात जाळं टाकायचे, थंडीच्या तोंडावर शिंगाडे काढायचे, धानकापणीला दुसऱ्याच्या बांधीत मजुरीला जायचे. माझ्या अंगाला मासळीचा वास येतो म्हणून बाकावरच्या पोरी सरकून बसायच्या. तुम्ही नागपूरकडचे, उन्हाळ्यातही कोट घालणारे, पण आमच्या बोलण्याला हसत नव्हता, एवढ्यावरच आम्हाला तुम्ही आवडून गेला होता. एक दिवस तुम्ही फळ्यावर कोन काढलात आणि त्याच्या पोटात एक अंडं काढून त्या अंड्यातून आडवी रेघ ओढलीत. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मास्तर, क-ख-ग काऊन नाई चालत? आपल्याजवळ अक्षरं काय कमी हायेत?" सगळा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "क-ख-ग बिंदूंना देऊन झाली. बापाचं आणि लेकाचं नाव एकच ठेवलं तर हाक कोणाला मारायची?" मग तुम्ही सांगितलंत, की ही ग्रीकांची बाराखडी, फार जुनी. ज्या राजांच्या राज्यात ती चालायची ते राजे गेले, राज्यं गेली, अक्षरं तेवढी मागं राहिली. "आता ती कोणाच्याच बापाची नाहीत," तुम्ही म्हणालात. "इंग्रजाची नाहीत, पुण्यामुंबईची नाहीत. विलायतेत काढा नाहीतर सावलीत काढा, ह्याला थीटाच म्हणतात."

खडू घेऊन तुम्ही कामापुरती अक्षरं एकेक करून काढत गेलात. पहिलंच अल्फा काढलंत आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "मास्तर, हा तं मासा हाय!" पोरं खिदळली. ढिवराच्या पोरीला मासाच दिसणार, असं कोणीतरी म्हणालंही. मला वाटलं, आता छडी खावी लागते. पण तुम्ही दोन पावलं मागं आलात, मान तिरपी करून फळ्याकडं पाहिलंत आणि म्हणालात, "खरंच की. शेपटीसकट." त्या दिवशी 'पाय' ह्या अक्षरापर्यंत पोचून तास संपला. मी बाहेर गाठून विचारलं, ह्याच्यात शेवटचं अक्षर कोणतं? तुम्ही म्हणालात, "ओमेगा. आधी मॅट्रिक हो, मग शेवटपर्यंत सगळी शिकवतो." हे वचन होतं बरं का. तुम्ही विसरला असाल, मी नाही.

त्याच हिवाळ्यात गोंदणारीण आली. आमच्याकडं पोर उजवायच्या आधी तिला गोंदावीच लागे. सोनंनाणं इथंच राह्यते, गोंदण तेवढं संग येते, असं माय म्हणायची. बिनगोंदणाची बाई वर गेली तर तिला तिथं कोणी ओळखत नाही, अशी समजूत. आवारात गोणपाट अंथरून ती बाई बसली. काजळीत पाल्याचा रस कालवला, सुयांचा जुडगा वाटीवर ठेवला आणि विचारलं, "काय काढू वं पोरी? विंचू काढू का तुळस?" मी काडी उचलली आणि मातीत अल्फा काढला. मायनं वाकून पाहिलं. "मासा हाय. काढ. आपल्या धंद्याचा हाय." मग मी बीटा काढला, गामा काढला. "अन् हे?" "हेबी माश्याच्याच गोतातले," मी ठोकून दिलं. गोंदणारणीला काय, तिनं जसं मातीत होतं तसं हातावर उतरवलं. कोपराच्या खाली ओळीनं अल्फा, बीटा, गामा, डेल्टा, थीटा आणि शेवटी पाय. हात सुजून भोपळा झाला. माय हळद-तेल लावत होती आणि मी दातओठ खात मनातल्या मनात तुमच्या आवाजात अक्षरं म्हणत होते. तुम्ही दुसऱ्या आठवड्यात ते पाहिलंत. आठवते? तुम्ही माझा हात उजेडाकडं वळवून पाहिलात, डोक्याला हात लावलात आणि इतके हसलात की कोटाच्या खिशातला खडू मोडला. "पोरी, हे आता पुसता यायचं नाही." मी म्हटलं, "मले पुसायचं बी नाई." म्हणजे तुम्हाला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. तुम्हाला पहिल्यापासून सगळं माहीत होतं.

घरी बाबांनी अट घातली होती. मॅट्रिक झाली तं मास्तरीण हो, नाई तं नदीपलीकडचं स्थळ ठरलंच म्हणून समज. त्या स्थळाकडून सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. परीक्षेचं केंद्र चांद्याला. मूल गावापर्यंत बैलबंडीनं आणि पुढं छोट्या रेल्वेगाडीनं आम्ही सगळे तुमच्याच सोबत गेलो. तुम्हालाही तिथं एका खोलीवर नेमलं होतं. गणिताचा पेपर मला इतका सोपा जाऊन राह्यला होता की मी पानांवर पानं भरत होते. पानं संपली. मी पुरवणी मागायला हात वर केला आणि तिथंच घात झाला. खोलीवरचे पर्यवेक्षक आले ते पुरवणी न देता माझं मनगटच धरून उभे राहिले. "हे काय लिहून आणलंस?" म्हटलं, "सर, गोंदण हाय." "गोंदणात अल्फा-बीटा कोण काढतं? शिकवतेस मला?" त्यांनी अंगठ्याला थुंकी लावून माझा हात घासला. गेलं नाही. नखानं खरवडलं. लाल ओरखडे उठले, अक्षरं जिथल्या तिथं. आता खरं तर तिथंच त्यांना कळायला हवं होतं. पण चुकलेला माणूस चारचौघांत मागं फिरत नाही. त्यांनी मला तसंच धरून केंद्रप्रमुखांच्या खोलीत नेलं, आणि तुम्हाला बोलावणं गेलं. तुमचा कोट दारात दिसला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आता मास्तर आले, आता काय भ्यायचं.

ती खोली मला आत्ताही दिसते आहे. हिरवं कापड घातलेलं टेबल आहे, त्यावर पाण्याचा पेला आहे, त्याला टेकून आमचीच प्रश्नपत्रिका पडली आहे. केंद्रप्रमुख तुम्हाला विचारतात, "ही तुमच्या विषयातली अक्षरं आहेत का?" तुम्ही म्हणता, "हो." "अभ्यासक्रमात येतात?" "येतात." आणि तुम्ही थांबता. मी वाट पाहते. त्या प्रश्नपत्रिकेत कोनाच्या आकृतीत थीटा छापलेला होता. मी टेबलाच्या ह्या बाजूला उभी, कागद माझ्याकडून उलटा, पण थीटा उलटीकडूनही थीटाच दिसतो. मीच बोलले. म्हटलं, "सर, हे तं पेपरातच छापलं हाय. मंग मी कॉपी कायची केली?" केंद्रप्रमुख म्हणाले, "उलट बोलतेस?" आणि तुम्ही बुटांकडं पाहू लागलात. एवढंच तर सांगायचं होतं, की अक्षर म्हणजे उत्तर नव्हे. मराठीच्या पेपराला कोणी हातावर 'श्री' गोंदून आलं तर त्याला उठवाल का? कपाळावरचं कुंकू पुसाल का? एक वाक्य, मास्तर! सोळा वर्षांच्या पोरीला सुचलं ते गणिताच्या मास्तराला सुचलं नाही, हे मी मरेपर्यंत मानणार नाही. सुचलं होतं. तुम्ही गिळलंत.

निकाल लागला तेव्हा माझा रोखून ठेवलेला होता आणि पुढं नापासच धरला. गावात बभ्रा व्हायला कितीसा वेळ. नळावर, तलावाच्या पाळीवर, बाजारात एकच चर्चा, की ढिवराची पोरगी हातावर उत्तरं गोंदून गेली होती. शाळेत नेलेल्या मासळीचा वास शेवटी बाहेर आला, असंही एक शहाणी म्हणाली. बाबांनी भिंतीवरचं जाळं काढून माझ्यापुढं टाकलं, इतकंच. मी फाटलेले फास शिवत बसले आणि नदीपलीकडं निरोप गेला.

आणि मग तुम्ही आलात. भर दुपारी, छत्री न घेता, पायी. मी स्वयंपाकघरातच होते, चुलीवर शिंगाडे उकडत होते. मायनं तुम्हाला ओसरीवर बसवलं नाही, सरळ आत बोलावलं, कारण तिला बोलायचं होतं ते भिंतीबाहेर जायला नको होतं. तुम्ही पाटावर बसलात. मायनं शिंगाड्यांची ताटली तुमच्यापुढं सरकवली. तुम्ही एक सोलत बसलात, सोलता येत नव्हता, काटा बोटात गेला. मग खाली मान घालून म्हणालात, "बाई, मी खोटं काही बोललो नाही." माय शांतपणे चुलीतली राख ओढत होती. ती म्हणाली, "खोटं नाई बोलले तुमी, मास्तर. पन खरं बी नाई बोलले. माही पोरगी दोघांच्या मधात बुडाली." मास्तर, माझ्या मायला सही येत नव्हती. तुमची नोकरी कच्ची होती, वरून कागद यायचा बाकी होता, त्या केंद्रप्रमुखांच्या हातात तो होता, हे सगळं मला नंतर कळलं. मायला ते तेव्हाही कळलं असतं तरी तिनं हेच म्हटलं असतं. माझा राग तिथूनच वारशानं आला आहे.

तुम्ही मग पाळीवर गेलात, बाबा होते तिथं. मी मागून आले, तुम्हाला दिसले नाही. तुम्ही माझ्या बापापुढं हात जोडलेत. "चूक तिची नाही, माझी आहे. मी बोलायला हवं होतं. एक वर्ष द्या. एकच." बाबा ओशाळले. एवढा शिकलेला माणूस आपल्यापुढं हात जोडतो हे त्यांना पाहवलं नाही. "असं नका करू, मास्तर. द्या म्हनता तं देतो," ते म्हणाले, आणि नदीपलीकडचा निरोप परत फिरवला. तेवढं तुम्ही केलंत, ते मी नाकारत नाही. पण त्यानंच माझा राग दुप्पट झाला. पाळीवर बगळे होते, म्हशी होत्या, माझा बाप होता. तिथं तुम्हाला अगदी नीट, शब्द न् शब्द बोलता आलं. जिथं त्या बोलण्याला किंमत होती त्या खोलीत काय झालं होतं हो तुमच्या जिभेला?

पुढल्या वर्षी परीक्षेआधी तुम्ही पुन्हा आलात, बगलेत कागदात गुंडाळलेलं कापड घेऊन. पांढरं, जाड, खादीचं. मायनं ते दोन्ही हातांनी घेतलं, डोळ्यांना लावलं. आमच्या घरी बाहेरच्या कोणी मानाचं कापड आणण्याची ती पहिलीच वेळ. मग तुम्ही मला म्हणालात, "ह्याचं पोलकं शिवून घे. बाही मनगटापर्यंत कर. कोणाला दिसायला नको." कोणाला दिसायला नको! जी अक्षरं कोणाच्याच बापाची नाहीत म्हणून भर वर्गात सांगितलंत, ती आता झाकायची. चोरी केली नाही पण चोरासारखं जायचं. मी म्हटलं, मी घालणार नाही. तर बाबांनी पहिल्यांदा माझ्यापुढं हात जोडले. वर्षभरात दोन माणसांना माझ्यापायी हात जोडावे लागले. मी घातलं. चांद्याचं ते ऊन, ती जाड खादी, आणि आत घामानं चिकटलेला हात. पेपरावर थेंब पडू नयेत म्हणून मी डावा हात मांडीवर पसरून ठेवला होता. पर्यवेक्षक वेगळे होते. ते माझ्याजवळून गेले, थांबलेसुद्धा नाहीत. मी पास झाले, गणितात चांगली पास झाले. निकालाच्या दिवशी घरी गूळ वाटला. मी ते पोलकं काढलं आणि तेव्हापासून आजतागायत कोपराखाली बाही शिवलेली नाही. थंडीतसुद्धा नाही. लग्नातसुद्धा नाही.

निकाल घेऊन मी तुमच्याकडं धावत येणार होते. भांडायला आणि उरलेली अक्षरं शिकायला, दोन्ही कामं होती. पण तुमची बदली निकालाच्या आधीच झाली होती. मी नागपूरला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला होते तेव्हा कोणाकडून तरी कळलं, की तुम्ही तापानं गेलात. वय तरी काय होतं तुमचं! आज तुम्ही माझ्यासमोर आलात तर मी तुम्हाला 'अरे-तुरे' करीन. एवढ्या लवकर जाऊन तुम्ही सुटलात, मला भांडायला माणूस उरला नाही. हाही मी तुमचाच अपराध धरते.

पहिली नोकरी धानोऱ्याला लागली. जंगलातली शाळा, पोरांची घरची बोली गोंडी. मराठीचं पुस्तक त्यांना माझ्या ग्रीकाइतकंच परकं. मी फळ्यावर कोन काढला, अंडं काढून आडवी रेघ ओढली, आणि तुमचंच बोलणं बोलले, की ही कोणाच्या बापाची नाहीत. मास्तर, ती पोरं झरझर शिकली. कारण ह्या एका बाराखडीत पुण्याचा पोरगा आणि धानोऱ्याचा पोरगा एकाच रेघेवर उभा होता, कोणी आधीपासून पुढं नव्हतं. एका पोरीनं पायकडं बघून सांगितलं, की हा आमचा मोहाची फुलं वाळवायचा मांडव आहे. मी मागं सरकले, मान तिरपी केली आणि म्हणाले, "खरंच की." तोंडातून निघून गेल्यावर मला इतका राग आला, की मी डस्टर आपटलं. पोरं घाबरली. त्यांना काय ठाऊक, मी कोणावर चिडले होते.

लग्नानंतर घुग्घुसला आले. आमचे हे कोळशाच्या खाणीत वायरमन. एक दिवस त्यांच्या मीटरवर एक चिन्ह दिसलं, उलट्या घड्यासारखं. म्हटलं, हे काय? म्हणाले, "ओम. वीज अडते किती, ते मोजाचं." मी पुस्तकात शोधलं तर ते ओमेगा निघालं. तुमचं शेवटचं अक्षर. तुम्ही शिकवणार होता ते, नवऱ्याच्या पिशवीत सापडलं. बाकीचीही अशीच इथून तिथून गोळा केली. आणि अगदी राहिलेली साथीनं शिकवली. ती साथ तुम्ही पाहिली नाहीत, बरं झालं. रोगाच्या नव्या नव्या रूपांना तुमच्या अक्षरांची नावं देत गेले. कोणत्या देशाला बोल लागू नये म्हणे, म्हणून ही अक्षरं निवडली. म्हणजे तुमचंच म्हणणं, कोणाच्या बापाची नाहीत! माझा धाकटा भाऊ त्यातल्या डेल्टात गेला. शेवटपर्यंत तलावावर जाळं टाकणारा माणूस, त्याला कोरडा, एका पिशवीत बांधून नेला. आम्हाला तोंडही दाखवलं नाही. तुम्ही शिकवलं होतं, की डेल्टा म्हणजे फरक, आधीचं आणि नंतरचं यांतला. मी घरी बसून हातावरचा तो डेल्टा पाहत होते आणि तुम्हाला शिव्या देत होते. तुमचा काही संबंध नव्हता. पण दुसऱ्या कोणाला देणार?

तर असं आहे. हे पत्र टाकायचं कुठं, आणि टाकून करायचं काय. पोस्टाची पेटीसुद्धा आता आमच्या चौकातून काढून नेली. घडी करून तुमच्या त्या पांढऱ्या पोलक्यात ठेवीन. हो, ते आहे अजून. घरात सगळ्यांना सांगितलं होतं की त्याचं पोतेरं केलं. केलं नाही, पेटीत तळाशी आहे. तसंही पत्राची गरज नाही. मायचं म्हणणं खरं असेल तर गोंदण संग येतेच. तुम्ही तिथं कोट घालून बसला असाल तर मी कोपरापासून उघडा हात घेऊन येईन, टेबलावर ठेवीन आणि विचारीन, ही तुमच्या विषयातली अक्षरं आहेत का? आणि ह्या खेपेला 'हो' म्हणून थांबलात तर याद राखा.

राहिलं त्या पोरीला दिलेलं उत्तर. "कोणी काढून दिलं वं आजी?" तिनं विचारलं तेव्हा ती गोंदणारीण माझ्या डोळ्यांपुढं होती, तिचा सुयांचा जुडगा, काजळीची वाटी, गोणपाट, सगळं होतं. तिचंच नाव घ्यायचं होतं. सुई आत गेली, मी मान वळवली, आणि तोंडातून निघालं, "माझ्या मास्तरांनी."